तडतडण्याआधी उतरवलेली कॉफी

कोल्हापूर,
मंगळवार, २० मे २००३

प्रिय महांतेश,

परवा तू फोन आपटलास तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ‘रविवारी येतोय, आल्या आल्या तुझे ते पांढऱ्या कॉफीचे डबे पंचगंगेत नेऊन ओततो,’ असं म्हणालास आणि माझं उत्तर ऐकायच्या आत रिसीव्हर ठेवलास. पुण्याला गेल्यापासून तोरा बराच वाढलाय. लहानपणी माझ्यामागे ‘अक्का, अक्का’ करत नाक ओढत फिरायचास, ते विसरू नकोस. तर माझं उत्तर कागदावर देते. पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय, गुरुवारी, फार तर शुक्रवारी हातात पडेल. एकट्यानं वाच. सौंदर्याला नंतर खुशाल दे, सून म्हणून तिला कळलं तर बरंच आहे, पण आधी तू वाच. आणि वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस. फोन दुकानात आहे, समोर आप्पा बसलेले असतात, आणि मी फोनवर बोलायला लागले की ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहतात. ते का बघतात, हे सांगण्यासाठीच एवढा खटाटोप.

आधी मागणं सांगते, म्हणजे तू मधेच चिडून कागद बाजूला ठेवलास तरी निदान तेवढं तुझ्यापर्यंत पोचेल. रविवारी ये, हौसेनं ये, पण त्या डब्यांना हात लावू नकोस. आप्पांच्या समोर त्या कॉफीला नावं ठेवू नकोस. आणि तुझ्या कंपनीच्या कँटीनवाल्याला तू जो शब्द देऊन बसलायस, दर महिन्याला आपल्या दुकानाची नेहमीची पन्नास किलो कॉफी, तो शब्द मागे घे. तुला हे जड जाणार, मला माहीत आहे. तू किती आनंदानं सांगत होतास की आप्पांचं नाव आता पुण्यात होणार. पण ती कॉफी आता होत नाही, महांतेश. म्हणजे होते, पण जशी होते तशी फार दिवस होऊ शकणार नाही.

तुझा राग मला कळतो. तुला मार्चमध्ये पार्सल पाठवलं, तू ते ऑफिसात कौतुकानं उघडलंस, आणि आत मोहरी वाटल्यासारखी पिवळट पूड निघाली. फिल्टरमध्ये घातलीस तर खाली उतरलं ते पाणी भाताच्या पेजेसारखं. सगळे हसले म्हणालास. ‘ही कच्ची कॉफी आहे, अक्का, तुम्ही लोकांना फसवताय.’ अरे, फिल्टरमध्ये घालायची नाही, चांगली पाच-सात मिनिटं पाण्यात उकळायची, असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चिठ्ठी वाचायची सवय तुला शाळेपासूनच नाही. आणि ती कच्ची नाही. कमी भाजलेली आहे, जाणून-बुजून. लोकांना वाटतं कॉफीत दूध जास्त ओतलं की ती पांढरी झाली. इथेही तेच. मिरची कांडपवाली धोंडुबाई मला पहिल्या दिवशी म्हणाली, ‘आगं, दूध घातल्याल्या कंच्याबी कपाला पांढरी कॉफी म्हनायचं की, त्यात तुजं काय नवाल?’ तिला सांगितलं तेच तुला सांगते. पांढरेपण दुधाचं नाही, बीचं आहे. दूध एक थेंब न घालता केली तरी ती पांढरी कॉफीच.

तू ड्रमपाशी वाढलायस, तुला वेगळं समजावायला नको. हिरवी बी ड्रममध्ये पडते, आधी पिवळी होते, मग फुटाण्याच्या डाळीसारखी, मग तांबूस. आणि मग तडतड सुरू होते. तडतड झाल्याशिवाय आपल्या दुकानात कधी ड्रम उघडला नाही. तडतड ओसरली की थोडंच थांबायचं आणि उतरवायचं. तेवढ्या वेळात बीचा आतला रस करपट-गोड होतो, तेल सुटायला लागतं, आणि मग चिकोरी घालून दळली की तो वास येतो ज्याच्यासाठी लोक कोडोलीहून, मलकापूरहून येतात. पांढरी कॉफी म्हणजे तीच बी, त्याच पोत्यातली, पण तडतडण्याआधी उतरवलेली. कडवटपणा नाही, करपट वास नाही. भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लागते, जराशी गवताळही लागते, खोटं कशाला सांगू. चिकोरी तिला चालत नाही. झोप मात्र नेहमीच्या कॉफीपेक्षा जास्त उडवते असं गिऱ्हाईक सांगतात. आणि ती दगडासारखी कडक असते. कडक असते म्हणूनच हे सगळं सुरू झालं.

तुला आठवतं का, तडतड सुरू व्हायची वेळ आली की आप्पा हात वर करायचे? दुकानात कुणीही असो, बोलणं बंद. एकदा तू चौथीत असताना नवी गोष्ट सांगायला धावत आलास, तर त्यांनी तुझ्या तोंडावर हातच ठेवला होता. ‘गप्प ऱ्हा, बी बोलायलीया,’ म्हणाले होते. तू रुसून पोत्यांच्या मागे जाऊन बसलास. त्यांचं नाक धुरानं कधीच मेलं होतं, हे ते स्वतःच हसत सांगायचे. डोळ्यांचा उपयोग पिवळ्याचं तांबूस होईपर्यंत, पुढे त्या धुरात तपकिरीचं काळं कधी झालं ते कुणालाच दिसत नाही. सगळा धंदा कानावर. ड्रमच्या घरघरीत पहिली तडतड त्यांना जशी ऐकू यायची तशी मला अजूनही येत नाही, आणि मी गेली सहा वर्षं ती ऐकतेय.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी मी रेशनकार्डाच्या कामाला कचेरीत गेले. बारा वाजेतो परत येईन म्हणाले होते. तिथे गर्दी, साहेब जागेवर नाही, मला यायला दोन वाजले. लक्ष्मीपुरीच्या कोपऱ्यावर आले तेव्हाच एक आवाज ऐकू आला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा, पण थांबायचं नावच नाही. वाटलं गॅरेजमध्ये काहीतरी चाललंय. पुढे आले तर आपल्या दुकानासमोर सातआठ माणसं उभी. आत दळायची मशीन किंचाळत होती, महांतेश, दुसरा शब्द नाही. कृष्णात टोपीवाले कानांवर हात ठेवून ‘अवो आप्पा, बंद करा, बंद करा’ असं ओरडत होते. आणि आप्पा शांतपणे वरून बी ओतत होते, एक हात मशीनच्या तोंडावर, गिऱ्हाइकाकडे पाठ. त्यांचा चेहरा अगदी समाधानी होता. मी धावत जाऊन बटण बंद केलं तेव्हा ते दचकले आणि माझ्यावरच खेकसले. आतल्या दोन्ही तबकड्यांना तडे गेले होते. मी बी हातात घेतली. पिवळी.

आप्पांना ऐकू येत नाही. हे वाक्य मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, शांतव्वालाही नाही, आणि ती तर भिंतीपलीकडे राहते. शहाण्णव साली त्यांना छातीचा आजार झाला, तीन महिने रोज इंजेक्शनं घेतली, तेव्हापासून सुरुवात. तू तेव्हा होस्टेलवर होतास. छाती बरी झाली, कान गेले. आधी बारीक आवाज गेले, घड्याळाची टिकटिक, पावलं. मग तडतड. डॉक्टर म्हणाले इंजेक्शनांनी झालं असेल, कदाचित ड्रमच्या घरघरीनंही. कानातलं मशीन आणलं होतं, ते लावून ड्रमसमोर उभं राहिलं की डोक्यात नुसता भुंगा फिरतो, म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात लागोपाठ तीन घाणे करपले. तिसरा त्यांनी गोणीत भरून स्वतः डोक्यावर घेऊन कुठेतरी टाकून दिला, विचारलं तर म्हणाले, ‘बी खराब आल्ती.’ दुसऱ्या दिवशी घाणा लावला तेव्हा त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि तडतड सुरू झाली तशी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. शांतपणे आच कमी केली. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या दुकानातला नेहमीच्या कॉफीचा एकेक घाणा असाच उतरलाय. अव्वाला, इतकी वर्षं त्यांच्याबरोबर संसार करून, माहीत होतं की नाही, मला कधी कळलं नाही, ती गेली तेव्हाही तिनं काही विचारलं नाही. आम्ही दोघांनी तर यावर शब्दसुद्धा काढलेला नाही.

आता तू डोकं धरून बसला असशील, म्हणून जे मला सगळ्यात जास्त खुपतंय ते इथेच सांगते. तुझा आप्पांवर राग आहे. तू तोंडानं बोलत नाहीस, पण मला कळतो. छकुली झाली तेव्हा तू दवाखान्यातून फोन केलास, आप्पांनाच द्या म्हणालास, मी दिला. तू काय काय सांगितलंस कोण जाणे. आप्पा म्हणाले, ‘बरं हाय, बरं हाय, जेवलास न्हवं?’ आणि फोन माझ्याकडे दिला. नंतर तू मला म्हणालास, ‘मुलगी झाली म्हणून त्यांना काहीच वाटलं नाही.’ अरे, त्यांना कळलंच नव्हतं. मी त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ नीट हलवून सांगितलं तेव्हा कळलं. त्यांनी सबंध गल्लीत पेढे वाटले. परत फोन करून तुला सांगायला त्यांनी मला मनाई केली. म्हणाले, ‘दोनदा फोन केला तर त्येला संशय यील.’ मी ऐकलं. मी तेव्हा ऐकायला नको होतं, त्याबद्दल तू मला हवं ते बोल. गेल्या दिवाळीत तू त्यांच्याकडे पाठ करून, दिव्यांची माळ लावत तुझ्या नव्या घराबद्दल बोलत होतास, आणि ते उठून आत निघून गेले. तू जेवला नाहीस त्या रात्री. त्यांना तू बोलतोयस हेही माहीत नव्हतं.

तर त्या ऑक्टोबरच्या दिवसाकडे येते. मी नव्हते, कृष्णातरावांना कॉफी हवी होती, रिकाम्या हातानं गिऱ्हाईक परत पाठवणं आप्पांच्या रक्तात नाही. करपेल या भीतीनं त्यांनी बी फार लवकर उतरवली, आणि दळायला घेतली. कडक बी मशीनला चालत नाही हे कुठलाही भाजणारा आवाजावरून दुसऱ्या क्षणी ओळखेल. त्या दिवशी मी सर्वांना सांगितलं की मशीनच जुनी झाली होती. लोकांनी मानलं. पण कृष्णातराव, म्हातारा खवय्या माणूस, जाडीभरडी दळली गेलेली ती पूड तशीच घेऊन गेले आणि चार दिवसांनी परत आले. ‘आप्पा, ती मागल्या टायमाची पिवळी कॉफी हाय का? रातभर डोळ्याला डोळा न्हाय, पर पोटात जळजळ न्हाय बगा.’ ते आप्पांना ऐकू आलं नाही. मला आलं. आणि मी तिथेच उभी राहून विचार केला, की या घाण्याला कानाची गरज नाही. रंग डोळ्याला दिसतो, वेळ घड्याळ सांगतं. पळीनं चार बिया काढून पांढऱ्या बशीत ठेवल्या की झालं.

मग दोन महिने नुसती धडपड. दळायचं कसं हाच मोठा प्रश्न. शेवटी धोंडुबाईच्या कांडपावर नेली, तिथे लोखंडी मुसळं वरून पडतात, त्यांना काय दगड आणि काय बी. पण मी शहाणी, कांडप साफ न करता पहिली दोन किलो कुटून आणली, आणि धोंडुबाई सकाळपासून संकेश्वरी मिरची कुटत बसली होती. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी आपल्याकडे पांढरी कॉफी चाखली ते सगळे रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले. बाळासो पेंटर तर म्हणाला, ‘ही कॉफी हाय का तांबडा रस्सा?’ आता सोमवारी सकाळी, मिरची पडायच्या आत, आधी पायलीभर तांदूळ कुटून कांडप पुसून घेतो आणि मग आपली बी. ते तांदळाचं पीठ धोंडुबाईला. वेलदोडा घालून उकळायची असं मी सांगते, तशी ती लोकांना जास्त आवडते. आप्पांनी सुरुवातीला खूप कुरकुर केली. चाळीस वर्षं जी बी आपण अर्धवट म्हणून हिणवली तीच डब्यात भरायची, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. एकदा त्यांनी माझ्यासमोर डबा सरकवला आणि म्हणाले, ‘ह्याला नाव पांढरी कॉफी नगं, आळशी कॉफी म्हन.’ पण घड्याळ आणि बशी घेऊन ते बसायला लागले. पहिल्यांदा मी मागे उभी नसताना घाणा उतरवला, तेव्हा बशी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर धरली. रंग अगदी बरोबर होता. मी मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी फोडणीकडे बघत राहिले.

धंदा चांगला चाललाय असं खोटं सांगणार नाही. जुनी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात. निम्मी तरी दुसरीकडे गेली असतील. नवी आलीत, पण थोडी. नेहमीची कॉफी आठवड्यातून दोनदाच भाजतो, मी मागे उभी असते तेव्हा. म्हणून तुझ्या पन्नास किलोंची मला धडकी भरली. एवढी काढायची तर रोज घाणा लावावा लागेल, दिवसातून दोनदा. आणि फेब्रुवारीत काय झालं ते तुला माहीत नाही. माझ्या डाव्या हाताला पट्टी दिसली तेव्हा तेल उडालं म्हणून सांगितलं होतं, ते तेल नव्हतं. मी ड्रमपासून दहा पावलं दूर, फोनवर होते. तुझ्याशीच. आप्पांनी माझी वाट न बघता नेहमीच्या कॉफीचा घाणा चढवला होता. तू काहीतरी गमतीचं सांगत होतास आणि मी हसत होते, म्हणून तडतड उशिरा ऐकली. वळले तोवर दुसरी तडतडही होऊन गेली होती आणि ड्रमच्या तोंडातून ज्वाळा येत होत्या. बीनं पेट घेतला होता. आप्पा पोती मोजत होते, पाठ करून. पोतं ड्रमपासून हातभर अंतरावर. मी हाक मारली नाही, हाक मारून काय उपयोग, पळत जाऊन आधी त्यांना ढकललं आणि मग झाकण ओढलं. त्यात हात भाजला. पाणी मारलं, विझलं. आप्पा खाली बसून माझ्या हाताकडे बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट पुढ्यात घेतलंच नाही. तुला सांगायचं नाही असं आम्ही न बोलताच ठरवलं.

आता तू विचारशील, की इतकी वर्षं उभी राहिलीस मागे, तर आणखी थोडी राहा, मी सुट्टी बघून काहीतरी करतो. आणि इथेच मला तुझ्याशी वाकडं बोलावंसं वाटतं, पण बोलत नाही. मी बत्तीस वर्षांची आहे. डी.एड. होऊन मला दहा वर्षं झाली. तुला वाटतं माझा नंबर कधी लागलाच नाही, मीच तसं सांगितलं होतं. लागला होता. दोन हजार एकला लागला आणि दोन हजार दोनलाही लागला. शिक्षणसेवक म्हणून जिल्हा परिषदेच्या ऑर्डरी आल्या होत्या, दोन्ही वेळा मी हजरच झाले नाही. दोन्ही कागद फाडून चुलीत घातले, आप्पांच्या हाती लागू नयेत म्हणून. रात्री पडल्यावर वर्ग दिसायचा, पाटी, पोरं. सकाळी उठून ड्रमच्या मागे. कुणावर राग काढायचा कळायचं नाही, म्हणून तुझ्यावर काढायचे, आणि तू म्हणायचास अक्काला लग्न हवंय. गाढवा, लग्न नको होतं.

तिसरी ऑर्डर गेल्या सोमवारी आली. गारगोटीच्या पुढे वाडीवरची शाळा, दोन खोल्या, चौथीपर्यंत. सोळा जूनला हजर व्हायचंय. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नाही. तिथून रोज ये-जा होणार नाही, खोली घेऊन राहावं लागेल. म्हणून पांढरी कॉफी, महांतेश. त्या कॉफीनं कुणी श्रीमंत व्हावं, पुण्यात नाव व्हावं म्हणून नव्हे. आप्पांना माझ्याशिवाय दुकानात बसता यावं आणि दुकान पेटू नये म्हणून. रविवारी येऊन तू ते डबे ओतलेस, तर आप्पा तुझ्या शब्दाखातर नेहमीची कॉफी भाजायला घेतील. मुलाला ‘मला ऐकू येत नाही’ म्हणण्यापेक्षा ते ड्रमसमोर जळून जातील, इतका मी त्यांना ओळखते. आणि मग मी ही ऑर्डरही चुलीत घालीन, मला ते दिसतंय. मला जायचंय. एवढं एकदा लिहून टाकलं, बरं वाटलं. तू फक्त गप्प राहा, आणि मी हे सांगितलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

इथवर लिहून मी पत्र संपवलं होतं आणि घडी घालत होते. आप्पा समोरच्या खुर्चीत कधी येऊन बसले मला कळलं नाही. त्यांनी हात पुढे केला. मी ‘महांतेशला आहे’ म्हणाले. ते हात तसाच धरून बसले, मग मला द्यावंच लागलं. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पान वाचलं, सावकाश, बोट फिरवत. पेट घेतल्याचं वाचताना थांबले नाहीत. ऑर्डरींच्या पानावर थांबले. ‘दोनदा?’ असं एवढ्या मोठ्यानं विचारलं, की शांतव्वा खिडकीत आली. मी मान हलवली. ते उठले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले आणि पुन्हा तेच पान वाचलं. मग म्हणाले, ‘गारगोटीला म्या येतो सोडायला. त्यो रविवारी आला की त्येला म्हनावं, माझ्या म्होरं बस आनि माझ्या तोंडाकडं बघून बोल, छकुलीचं पैल्यापासनं सगळं सांग.’ आणि माझ्या हातातलं पेन घेऊन एका वाक्यावर रेघ मारली. तू वाचलंस ते वाक्य, आप्पांना ऐकू येत नाही हे, मी तसं लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं होतं, आप्पांना हल्ली थोडं कमी ऐकू येतं. त्यांनी मला ते पान नव्यानं उतरवून काढायला लावलं, ‘हल्ली’, ‘थोडं’, ‘कमी’ हे तिन्ही शब्द गाळून आणि ‘येतं’चं ‘येत नाही’ करून. मी लिहीत असताना शेजारी उभे होते, आणि लिहून झाल्यावर वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हे आसंच जाऊ दे त्येच्याकडं.’

तुझीच,
दानेश्वरी अक्का